ग्रुपवर टाकलंय ना!

परवा आण्णामामांचा दहावा होता. सकाळी आठला नाशिकच्या रामकुंडावर, एवढं मला माहीत होतं, म्हणून सव्वासातलाच पाथर्डी फाट्यावरून निघालो, द्वारका चौकात नेहमीसारखा अडकलो, गौरी पटांगणाजवळ कशीबशी गाडी लावली आणि धावतपळत आठला पाच कमी असताना घाटावर पोचलो, तर लोक चपला शोधत होते. कावळा शिवून गेला होता. मामांचा जावई म्हणतो, अरे साडेसहाचं केलं ना, गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं की रात्री.

रात्री म्हणजे पावणेबाराला. त्याच्या वर कुणाच्या तरी नातवाचा डान्स, खाली कुणाचं तरी गुडघेदुखीवर रामबाण पाणी, आणि मधे दोन ओळीत मामांचा दहावा. मला सायकल शिकवली त्या माणसाने, गोल्फ क्लब मैदानावर मागून सीट धरून पळत यायचे, आणि मी त्यांच्या पिंडाला नमस्कारसुद्धा करू शकलो नाही. कावळ्याला बरं कळलं ग्रुपशिवाय! आणि वरून सगळे माझ्याकडेच बघतायत, जसं काही मी झोपून राहिलो.

माझं डोकं फिरतं ते इथेच. आधी निरोप देणाऱ्याची जबाबदारी असायची राव. समोरच्याला कळलं का नाही हे बघणं त्याचं काम. घरी माणूस नसला तर शेजाऱ्यांना सांगून जायचे, दाराला चिठ्ठी लावायचे, संध्याकाळी परत यायचे. आता अंगठ्याने टाइप केलं की हा सुटला, आणि ज्याने वाचलं नाही तो गुन्हेगार. "टाकलं होतं" म्हणजे "सांगितलं होतं" असं कधी ठरलं? कुणी ठरवलं? मला तर विचारलं नाही. का तेही ग्रुपवरच टाकलं होतं?

कंपनीत तर विचारूच नका. अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपमधे आहे मी. आमच्याकडे ड्रॉइंग बदललं की पद्धत होती, नवीन कॉपी शिक्का मारून यायची, जुनी परत घ्यायची, रजिस्टरला सही. कटकट वाटायची तेव्हा, पण त्या सहीमुळे कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही हे कळायचं. गेल्या महिन्यात एका ब्रॅकेटचं होल साडेआठ एमएमचं नऊ झालं. साहेबांनी रात्री अकराला ग्रुपवर लिहिलं, "ब्रॅकेट होल ९ करणे", आणि त्याच्या खाली लगेच स्टोअरवाल्याचा वाढदिवस सुरू झाला, केक, फुगे, हात जोडलेले, पन्नासेक मेसेज. सकाळी पहिल्या शिफ्टने मशीनवर लावलेलं जुनंच ड्रॉइंग बघून साडेआठचं होल मारलं. चारशे पीस! नशीब होल मोठं करायचं होतं म्हणून ड्रिलवर बसून सगळे परत मारता आले, लहान करायचं असतं तर अख्खा लॉट भंगारात गेला असता. आणि साहेब काय म्हणाले असतील? ओळखा. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून दाखवलं, हे बघ, दोन निळ्या टिका, तू वाचलंयस. अहो मी वाढदिवसाला शुभेच्छा द्यायला ग्रुप उघडला होता, नाहीतर परत तुम्हीच म्हणणार हा कुणात मिसळत नाही!

त्या निळ्या टिका आल्या २०१४ मधे. त्याच वर्षी फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं होतं. तोपर्यंत निदान "बघितलं नाही" असं खोटं तरी बोलता यायचं. टिका बंद करायची सोय आहे म्हणे, पण ग्रुपमधे ती चालत नाही, तिथे कुणी वाचलं ते दिसतंच. आणि ग्रुप किती मोठा असावा, तर आधी शंभर, २०१६ ला २५६, २०२२ मधे ५१२ आणि त्याच वर्षी १०२४. एक हजार चोवीस माणसं! एवढी माणसं एका मांडवात बसवली तरी वाढपी सगळ्यांना विचारून जातो, वरण पोचलं का. इथे ते विचारणारंच कुणी नाही.

आणि व्हॉइस मेसेजवाले! आपल्याकडची तार बंद झाली जुलै २०१३ मधे, आणि ऑगस्टमधे व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायची सोय आली. शब्दाला पैसे मोजायचे ते दिवस संपले आणि पुढच्याच महिन्यात फुकट बडबडायचे सुरू झाले. तारेत "आई सिरीयस, लगेच या" एवढं पुरायचं. आता चार मिनिटं ऐकायची, त्यात पहिला दीड मिनिट "हां, ऐक ना, अं... कुठे आहेस". फोन कर की मग माझ्या बाबा! पण नाही, फोन केला तर लोकांना धक्का बसतो, "काय रे, सगळं ठीक ना?" म्हणून विचारतात.

पोरीच्या शाळेचा ग्रुप वेगळा, सोसायटीच्या पाण्याचा वेगळा (टँकर येऊन गेल्यावर कळतं की टँकर येणार होता), रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या जुन्या हौदावर) जायचा ग्रुप वर्षातून एकदा जागा होतो, त्याचं मला काही वाईट वाटत नाही, तो असू दे. पण कंपनीचा रविवारी पण चालू. समोर मिसळ आलेली, रस्सा गार होतोय, पावावर हात आहे आणि खिशात टुंग टुंग. फ्रान्समधे २०१७ पासून कायदा आहे, कामाची वेळ संपल्यावर मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मधे लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं. मी हे सुपरवायझरला सांगितलं तर म्हणतो, वा, लिंक असेल तर ग्रुपवर टाक ना.

असो. परवा घाटावरून घरी आलो आणि रागारागात नातेवाइकांचा ग्रुप सोडला. गुपचूप सोडता येतो आता, फक्त ॲडमिनला कळतं. आमची ॲडमिन मावशी. दहा मिनिटांत तिचा फोन, खरा फोन, रिंग वाजणारा. "काय रे, तुला कुणी काही बोललं का? रागावलास का बाळा? थांब, मी ह्यांना घेऊन संध्याकाळी घरीच येते."

दहाव्याची वेळ बदलली हे सांगायला एक फोन येत नाही, आणि ग्रुप सोडला तर मावशी सिडकोतून रिक्षा करून येते! आली पण. चहा घेतला, मामांचं बोलून दोघं रडलो, आणि जाताना माझ्यासमोरच स्वतःच्या मोबाईलवरून मला परत ॲड करून गेली.


आत्ता बघितलं, एकशे बारा मेसेज. तेराव्याची वेळ कुठेतरी त्यातच असेल.