‘ज्याला मित्र नाहीत त्याने आरशात बघावं’

या मथळ्याचा, म्हणजे मित्र नसतील तर दोष तुमचाच असं सांगणारा, एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, तोही ‘सुप्रभात’सकट. ताईचा मुलगा चोविशीचा आहे, त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, म्हणजे जन्मापासूनच मेंदूची घडण वेगळी; लोकांत मिसळणं त्याला जड जातं. तिने मला फोन करून विचारलं, ‘हे खरं असतं का रे?’

नाही ताई, खरं नसतं.

मेसेजमधला पहिलाच मुद्दा सगळ्यात वाईट: ‘जो नजरेला नजर देत नाही, तो काहीतरी लपवतो.’ माझा भाचा बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघतो. डोळ्यांत बघायला लावलं की त्याचं वाक्य मध्येच तुटतं. राहिलं लपवण्याचं, तर आमच्या घराची डोकेदुखी नेमकी उलटी आहे. पाहुण्यांना तो तोंडावर सांगतो, ‘हा किस्सा तुम्ही मागच्या वेळीही सांगितला होता.’ आणि आमच्याच विंगमधून भिशीचे पैसे घेऊन जो गायब झाला, तो सगळ्यांशी डोळ्यांत डोळे घालून बोलायचा!

दुसरा मुद्दा, ‘नीटनेटकं राहा, हसून बोला, मित्र आपोआप जमतात.’ भाचा इस्त्रीचा शर्ट घालूनच बाहेर पडतो. फक्त गोंगाट सोसत नाही म्हणून कानावर मोठे हेडफोन असतात आणि बसल्या जागी तो किंचित पुढेमागे डुलतो. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायला मिळावं म्हणून ‘जरा सरका’ म्हणणारं हे शहर. पण लोकलमध्ये त्याच्या शेजारची जागा कुर्ल्यापर्यंत रिकामी राहते. लोक उभे राहतात, पण बसत नाहीत. तेवढ्या वेळात त्याने स्वभाव कुठला दाखवला?

हा माझा एकट्याचा वैताग नाही. अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास छापला. ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या काही सेकंदांच्या क्लिप लोकांना दाखवल्या. ऑटिझम आहे हे सांगितलेलं नसतानाही ती माणसं लोकांना कमी आवडली, त्यांच्याशी बोलायची इच्छाही कमी दिसली. मग तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, चेहरा नाही, आवाज नाही. तेव्हा हा फरक राहिला नाही. म्हणजे दोष त्यांच्या बोलण्यात नव्हता. आरशात कोणी बघायचं ते आता मेसेज पाठवणाऱ्यांनीच ठरवावं.

तिसरा मुद्दा, ‘अशांना एकटंच राहायला आवडतं.’ अर्धं खरं आहे, मान्य. लग्नाच्या हॉलमध्ये अर्ध्या तासात तो जिन्यात जाऊन बसतो, कारण दमतो. पण सोसायटीतली मुलं गच्चीवर क्रिकेटची मॅच लावतात तेव्हा आपल्याला का बोलावलं नाही, हे तो ताईला दोन-दोन दिवस विचारत राहतो. एकटं राहायला आवडणारा माणूस हे विचारेल का?

आणि शेवटचा, ‘हे सगळं मोबाईलमुळे.’ लहान मुलांच्या हातात मोबाईल कमी द्यावा, त्याबद्दल वाद नाही. पण लिओ कॅनर या डॉक्टरने ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन छापलं ते १९४३ साली. तेव्हा तर आपल्या चाळींत साधा फोनसुद्धा नवलाचा होता.