सिंटॅक्स ओके

सर्व्हरमधलं ज्याला कळतं, तो माणूस कुठल्याही कामाला ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणतो. माझा भाचा त्यातलाच. “मामा, अपाची टाक, चार ओळी बदल, झालं. त्यात काय एवढं!” अपाची म्हणजे ब्राउझरने मागितलेलं पान काढून देणारा वेब सर्व्हर, आणि मला त्यावर माझी साइट चढवायची होती. टाकायला खरंच वेळ लागला नाही. ब्राउझरमध्ये पत्ता दिला आणि समोर पान हजर : ‘इट वर्क्स!’ उद्गारचिन्हासकट. १९९५ पासून चालत आलेलं सॉफ्टवेअर, तेव्हा एवढा आत्मविश्वास असणारच. शहाण्याने तिथेच थांबावं. पण आपल्याला त्याचं पान नको असतं, आपलं हवं असतं. भानगड तिथून सुरू होते.

चार ओळींचं भाच्याने खोटं सांगितलं नव्हतं. साइटचं नाव काय, फाइली कुठल्या फोल्डरात आहेत, कुठल्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या कुठल्या क्रमांकाच्या दारावर, कान लावून बसायचं आणि कुणी नुसतंच दार ठोठावलं तर आधी कुठली फाइल पुढे करायची, एवढंच सांगायचं असतं. ते कुठे सांगायचं, हा खरा प्रश्न. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या अवतारांवर यासाठी दोन फोल्डर असतात, साइट्स-अव्हेलेबल आणि साइट्स-एनेबल्ड. पहिल्यात तुम्ही महाकाव्य लिहा, सर्व्हर ढुंकून बघणार नाही. तो वाचतो दुसरं. आणि त्या दुसऱ्यात फाइल ठेवायची नसते, पहिल्यातल्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक ठेवायची असते. व्यवस्था चांगली आहे, नाही असं नाही. साइट बंद करायची तर फाइल न उडवता नुसती लिंक काढली की झालं. पण हे कुणी सांगेपर्यंत माणूस मन लावून बदल करतोय आणि पडद्यावर ‘इट वर्क्स!’ जसंच्या तसं.

सर्व्हर बोलत नाही, अशी तक्रार मात्र मी करणार नाही. बोलतो. भलत्या विषयावर बोलतो. दर रीस्टार्टला त्याची एक कुरकुर ठरलेली : माझं पूर्ण नाव मला खात्रीने ठरवता येत नाहीये, सध्या १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच यंत्राच्या पत्त्यावर, भागवतोय. वाचून धस्स होतं. प्रत्यक्षात काहीही बिघडलेलं नसतं. मुख्य फाइलमध्ये सर्व्हरनेमची एक ओळ लिहिली की कुरकुर बंद, आणि नाही लिहिली तरी साइट मजेत चालते.

याउलट जिथे ओरडायला हवं तिथे त्याचा आवाज निघत नाही. सेटिंग तपासायला अपाची-सीटीएल कॉन्फिगटेस्ट अशी कमांड आहे. फोल्डरच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं, तर ती तुम्हाला सांगते की असा फोल्डर अस्तित्वातच नाही. आणि लगेच खालच्या ओळीत : ‘सिंटॅक्स ओके’. म्हणजे आपण जे म्हणताय त्याला काही अर्थ नाही, पण व्याकरण निर्दोष आहे. घाईत आपण शेवटचीच ओळ वाचतो, हे ती कमांड लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं.

सगळ्यात जास्त छळलं ते ४०३ ने. पान देता आलं नाही की सर्व्हर असा एक आकडा तोंडावर फेकतो. ४०४ परवडला, निदान वस्तू नाही म्हणून मोकळा होतो. ४०३ म्हणजे वस्तू आहे, समोर आहे, पण मिळणार नाही. याचं मूळ समजून घेण्यासारखं आहे. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला सहसा रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वेसर्वा वापरकर्त्याचा, अधिकार लागतो आणि वेब तर ८० आणि ४४३ वर चालतं. म्हणून सर्व्हर सुरू होतो रूटच्या नावाने. दार उघडलं की मोठे साहेब मागे जाऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड द्यायला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या कारकुनाला पुढे करतात, ज्याला कसलाच अधिकार नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर. पण माझी साइट होती माझ्या होम फोल्डरच्या आत, आणि नव्या उबुंटूत होम फोल्डरला परवानगी असते ७५०. बाहेरच्याला उंबरठ्यावरच मज्जाव. आतल्या फाइलीला सगळ्यांना वाचता येईल अशी ६४४ द्या, फोल्डरला सगळ्यांना शिरता येईल अशी ७५५ द्या, हार घाला, काही उपयोग नाही, कारण कारकून तिथवर पोचतच नाही.

चुकांची नोंद ठेवणारा एरर लॉग उघडला. त्यात लिहिलं होतं की मार्गातल्या एका घटकावर शोधायची परवानगी नाही. कुठल्या घटकावर? ते अध्याहृत. भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, “मामा, नेमआय मायनस एल मारलंस का?” ही कमांड मुळापासून शेवटच्या फाइलीपर्यंतच्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक लिहून दाखवते, आणि कुठे अडलंय ते शेंबड्या पोरालाही दिसतं. इतकी कामाची गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. आपणहून सांगतात ते ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मोकळीक. ‘सगळ्याला ७७७ दे, चालू होईल.’ होईलच. कुलूप चिकटलं म्हणून दार काढून टाकलं तरी ये-जा चालू होतेच. मी गुपचूप साइट उचलून व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये नेली. तिथे ती पहिल्या झटक्यात दिसली.

मग रीडायरेक्ट, म्हणजे एका पत्त्यावर आलेल्याला दुसऱ्या पत्त्यावर धाडणं. इथे एकच सांगतो. ३०१ म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’ आणि ब्राउझर हा शब्द फारच मनावर घेतो. सर्व्हरवर ओळ बदलली, पुसली, तरी तो जुन्या आठवणीने जुन्याच ठिकाणी जात राहतो, सर्व्हरला विचारतसुद्धा नाही. त्यामुळे आधी ३०२ वर, म्हणजे ‘तात्पुरत्या स्थलांतरा’वर, खेळून घ्यावं आणि खात्री ब्राउझरकडून नव्हे, जुनी आठवण न ठेवणाऱ्या कर्ल या कमांडकडून करून घ्यावी.

भाच्याचं म्हणणं पडलं, एन्जिनएक्स घे, सुटसुटीत असतं. इगोर सिसोएव्हने २००४ मध्ये हा सर्व्हर लोकांसमोर आणला, आणि त्याची फाइल दिसायला खरंच देखणी. फक्त ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की तक्रार येते पुढच्या ओळीबद्दल. त्या बिचाऱ्या ओळीकडे कितीही डोळे वटारून पाहा, तिच्यात खोट सापडत नाही. आणि एक मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल चढवायला गेलं की ४१३, म्हणजे ‘फार मोठं आहे’, कारण ती मर्यादा कुणीही न सांगता मुळातच घातलेली असते. मी अपाचीवरच राहिलो. त्याच्या खोडी एव्हाना ओळखीच्या झाल्या होत्या.

शेवटी, साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करण्यासाठी, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र घेतलं. फुकट मिळतं, ९० दिवस चालतं, नूतनीकरण आपोआप होतं. कुलपाचं चिन्ह झळकलं. साइट सुरू झाल्याचं मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून सहज, कोण येऊन गेलं याची नोंद ठेवणारा अ‍ॅक्सेस लॉग उघडला. तर पाहुण्यांची रीघ! प्रमाणपत्र दिलं की साइटचं नाव एका जाहीर नोंदवहीत चढतं आणि ती वही वाचत बसलेले यंत्रमानव लगोलग निघतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं. पहिल्याने मागितलं वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान. माझ्याकडे वर्डप्रेस नाही. दुसऱ्याला डेटाबेस हाताळायचं पीएचपी-माय-अ‍ॅडमिन हवं होतं. तेही नाही. तिसऱ्याने थेट पासवर्ड ठेवायच्या डॉट-ईएनव्ही फाइलीलाच हात घातला. मला दिवसभर ४०३ दाखवणारा सर्व्हर या प्रत्येकाला अदबीने ४०४ देत होता. मी साधं मुख्य पान मागितलं तेव्हा मात्र परवानगी लागत होती.