भगोरियाला जाताय? आधी हे ऐका

होळीचा आठवडा जवळ आला की आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना आदिवासी संस्कृतीची, म्हणजे झाबुआकडच्या भिल्लांच्या भगोरिया हाटाची ओढ लागते. एरवी झाबुआ म्हटलं की कडकनाथ कोंबडा आठवतो, तेवढाच. तुम्हालाही ओढ लागली असेल तर दोन शब्द ऐकून जा, दीडशे किलोमीटरचं पेट्रोल वाया जायला नको.

पहिलं म्हणजे, सगळं घरूनच ठरवून निघा. भगोरिया म्हणजे ‘भागना’, पळून जाणं. मुलानं पान पुढं केलं, मुलीनं खाल्लं, की जमलं लग्न! ही गोष्ट पोह्यांच्या डब्याबरोबर गाडीत ठेवा, कारण तिथं ती मिळेलच असं नाही. तिथं बाजार भरलेला असतो. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडं होळीआधीच्या सात दिवसांत ज्या गावचा आठवडी हाट ज्या वारी, त्या वारी तिथला भगोरिया. लोक गूळ, फुटाणे, गुलाल आणि साखरेचे हार-कंगन घ्यायला येतात. हे हार-कंगन म्हणजे आपल्या पाडव्याच्या गाठ्यांची सख्खी भावंडं, पण तसं म्हणू नका, गंमत जाते. कुणी म्हातारा सांगू लागला की याला गुलालिया हाटही म्हणतात, किंवा हे नाव भगोर गावावरून पडलं, तर मान हलवून पुढं सरका. त्याला काय कळणार? तो आजोबांच्या खांद्यावर बसून येत होता, तेव्हापासून फक्त येतोच आहे.

मांदल हे तिथलं वाद्य, त्याला खुशाल ढोल म्हणा. एकाच रंगाची लुगडी नेसलेल्या दहा-बारा मुली दिसल्या की न विचारता कॅमेरा त्यांच्या नाकाला लावा. एका गावच्या मैत्रिणींनी ठरवून सारखं कापड घेतलेलं असतं, यात केवढं आदिम गूढ! हळदीकुंकवाला आपल्या भिशीच्या बायका एकाच दुकानातल्या सारख्या साड्या नेसतात, ती नुसती हौस.

लग्नाच्या विषयात मात्र डोकं शांत ठेवा. आपल्या वधू-वर मेळाव्यात मुलगा स्टेजवर चढून माइकवरून उंची, गोत्र, पॅकेज आणि स्वतःचा फ्लॅट जाहीर करतो, तो परिचय. तिथं पाळण्याच्या रांगेत एखादा मुलगा मुलीकडं बघून हसला, की ते स्वयंवर. मुलाकडचे लोक मुलीच्या बापाला दापा, म्हणजे वधूमूल्य, देतात हे कळलं की ‘अरेरे, मुलीची विक्री!’ म्हणून हळहळा. हळहळताना मेहुणीच्या लग्नात दिलेली गाडी आठवायची नाही. ती प्रेमानं दिलेली होती, आणि हप्ते सासरेबुवा अजून प्रेमानंच भरतायत. दाप्यापायी तिथंही कर्ज होतं, भांडणं होतात, पण ते ऐकायला कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागतं आणि तुम्हाला तर चारला निघायचं असतं.

होळीनंतर काही गावांत गळ असतो. नवस फेडणारा माणूस उंच खांबावरच्या आडव्या लाकडाला बांधून घेतो आणि हवेत फिरतो. व्हिडिओ पाहून ‘अंधश्रद्धा’ असं लिहा. साताऱ्याकडच्या बावधनच्या बगाडातही माणूस उंच लाकडाला टांगतात? छे, ती परंपरा. ते रंगपंचमीला असतं आणि त्या दिवशी तुम्ही इंदूरच्या राजवाड्यापुढं गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, टँकरच्या रंगाखाली ‘वैज्ञानिक दृष्टीनं’ भिजत असता, त्यामुळे तुलना करायला सवड नसते.

आता एक धोका. या आठवड्यात सुरत-बडोद्याच्या बांधकामांवरून बसगाड्या भरभरून लोक गावी येतात. इंदूरहूनही. तुमच्या शेजारच्या इमारतीचं काम का बंद पडलंय आणि ‘या लोकांना कामाची शिस्तच नाही’ असं तुम्ही परवा का म्हणालात, ते त्या गर्दीत उलगडतं. पांढराशुभ्र शर्ट, काळा गॉगल, कानामागं गुलाल, असा एक जण हाक मारतो, “साहेब, तुम्ही इथं?” तुम्ही ओळखत नाही. चार महिने त्याला फक्त सिमेंटनं माखलेला पाहिलेला असतो ना. तोच तुमच्या गॅलरीखाली विटा रचणारा मिस्त्री. तो बायको-पोरांची ओळख करून देतो, गुळाची पुडी हातात ठेवतो आणि आग्रहानं एक पान पुढं करतो.

तुम्ही संकोचानं ते खाता.

आता तुमच्याच शास्त्राप्रमाणे पळा त्याच्याबरोबर.