रोबोट स्वतः फुप्फुस कापत नाही

‘रोबोट आपोआप कॅन्सरची गाठ शोधून तेवढीच काढतो, बाकी फुप्फुस शाबूत’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. यंत्राचे हात कन्सोलवर (यंत्र चालवायच्या नियंत्रण-टेबलावर) बसलेले सर्जनच हलवतात. गाठीभोवतीचा निरोगी भाग आणि काही लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड्स) काढाव्या लागतात. उजव्या फुप्फुसाचे ३ खंड, डाव्याचे २. पूर्ण खंड काढायचा की त्यातला उपखंड, हे गाठीचा आकार, जागा आणि आजाराचा फैलाव पाहून ठरतं, यंत्रावरून नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत, फुप्फुसाच्या बाहेरच्या भागातल्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी उपखंड काढणं पुरेसं ठरलं. मोठ्या गाठींना हे लागू नाही. दुर्बिणीतूनही हीच शस्त्रक्रिया होते. केवळ रोबोट नाही म्हणून ऑपरेशन लांबवू नका, ही कळकळीची विनंती.