शनिवारची भुतं

आमच्या घरात शनिवारी जेवणं उरकली की बायका पळवल्या जातात. नवऱ्याला युरोपातल्या जुन्या, तुटपुंज्या पैशांत काढलेल्या भयपटांचा नाद आहे. वेडा डॉक्टर, पडका वाडा आणि भरपूर धूर असला की गडी खूश. तेवढं मी सोसलं असतं. पण सासूबाईही लोडाला टेकून बसतात आणि त्यांना सबटायटल्स वाचवत नाहीत. ते काम माझ्याकडे.

परवा 'द ऑफुल डॉक्टर ऑर्लोफ' लागला होता. हेसूस फ्रँकोचा, १९६२ चा, स्पेन आणि फ्रान्सने वर्गणी काढून केलेला. ऑर्लोफच्या मुलीचा चेहरा जळालाय, म्हणून हा बायका पळवून त्यांची कातडी तिला लावू बघतो. पळवापळवी करायला मॉर्फो नावाचा आंधळा नोकर. डोळे असे, की उकडलेली अंडी चिकटवलीत. मालक काठी आपटत पुढे, हा आवाजामागे.

"अगं, आंधळ्यालाच का पाठवतो मेला?"

"विश्वासू आहे, आई."

"पगार देतो का?"

याचं उत्तर सबटायटल्समध्ये नव्हतं. पण प्रश्न रास्त होता. अंगमेहनत सगळी मॉर्फोची, आणि पोस्टरवर नाव डॉक्टरचं!

या फ्रँकोने दीडशेच्या वर सिनेमे काढले. पुढेपुढे त्याला झूमची इतकी चटक लागली, की बाईच्या डोळ्यात शिरलेला कॅमेरा लवकर बाहेर येत नाही. सासूबाई तेवढ्यात पाणी पिऊन येतात.

मग पॉल नाशी. मूळचा वजनं उचलणारा पहिलवान, स्पेनचा लाडका लांडगामाणूस. त्याचा १९६८ चा पहिला लांडगापट अमेरिकेत फ्रँकेन्स्टाइनच्या नावाने खपवला. सिनेमात फ्रँकेन्स्टाइन औषधालाही नाही. तिथल्या वितरकाने थिएटरवाल्यांना कबूल केला होता, म्हणून सुरुवातीला एक खुलासा चिकटवला, की याच घराण्यातले लोक शाप लागून लांडगे झाले. हे मी तीनदा समजावलं.

"पण हा पोलंडचा कसा?" सासूबाई.

नवरा खुलला. म्हणाला, स्पेनच्या सेन्सॉरला स्पॅनिश माणूस लांडगा झालेला चालेना, म्हणून नायक पोलिश केला.

"हेच आपल्या सोसायटीत," सासूबाई म्हणाल्या. "टाकीत उंदीर निघाला की तो बी विंगचा."

आम्ही ए विंगमध्ये राहतो.