चिपळूणच्या ग्राहकाच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या अंडी उबवायच्या मशीनमध्ये ठेवलेल्या ३० अंड्यांतून ७च पिल्लं निघाली हे वाचून वाईट वाटलं. २१ दिवस घरातली पोरं कशी वाट बघतात ते मला माहीत आहे. त्या रात्री तुमचे दोन फोन उचलायचे राहिले, ती आमची चूक. माफ करा.

पण "मशीन बोगस, ओलाव्याचं मीटर खोटं" हे जिव्हारी लागलं. तुम्हीच टाकलेल्या फोटोत पाण्याचे दोन्ही कप्पे काठोकाठ भरलेत आणि काचेवरून पाणी ओघळतंय. तेही जुलैत, चिपळूणला, जिथं कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते! मशीन देताना मी सांगितलं होतं, पहिले १८ दिवस ओलावा ४५ ते ५५ टक्के पुरे, पावसात वाटलं तर दोन्ही कप्पे कोरडे ठेवा. ६५-७० फक्त शेवटचे तीन दिवस. सहाव्या दिवशी तुम्ही ७२चा फोटो पाठवलात, मी लगेच "पाणी काढा" लिहिलं. तुमचं उत्तर होतं, "आमची खुडूक कोंबडी काय मीटर बघून बसते का?" दादा, ती कोरड्या पेंढ्यावर बसते. आणि मीटर ७२ सांगत होतं म्हणजे ते खरंच सांगत होतं ना?

१८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के घटावं लागतं. तेवढं पाणी उडालं की अंड्याच्या बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथंच घेतं. ओल जास्त झाली की पोकळी लहान राहते, पिल्लू फुगून आतच अडकतं. तुम्ही फोडलेल्या अंड्यातलं पिल्लू पिसांसकट पूर्ण वाढलेलं आहे, फक्त चिकट पाण्यात भिजलेलं. मशीनची ऊब बरोबर नसती तर ते एवढं वाढलं असतं का?

मी आणि बायको मिळून ही मशिनं जोडतो. तुमच्या रिव्ह्यूनंतर दोन ऑर्डरी रद्द झाल्या.

तरी मीटरची शंका असेल तर एका टोपणात मीठ घेऊन थेंबभर पाण्यानं ओलसर करा आणि मीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. ७५च्या आसपास यायला हवं. पाचाहून जास्त फरक निघाला तर मीटर बदलून देतो, कुरिअरचा खर्च माझा. पावसाळ्याची सूचनाही आता छापून देण्याचं बघतो. संध्याकाळी ७ नंतर फोन करा, मी स्वतः उचलेन.