नीताला शाल पांघरू नका

आज संध्याकाळी बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’ हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला. नंतरच्या चर्चेने मन इतके अस्वस्थ झाले की, जेवणावरून उठून हे लिहायला बसलो आहे. एका ज्येष्ठ गृहस्थांनी नायिका नीता हिचा ‘त्यागमूर्ती’ असा गौरव केला आणि आजच्या मुलींमध्ये ही वृत्ती उरली नसल्याची खंत व्यक्त केली. सभागृहात टाळ्या पडल्या.

टाळ्या कशासाठी? फाळणीत पूर्व बंगालमधून उखडून कोलकात्याच्या वेशीवर येऊन पडलेल्या घरातली ही मुलगी शिकवण्या करते, पुढे शिक्षण सोडून नोकरी धरते, आणि हिचे लग्न झाले तर चूल कशी पेटणार या धास्तीने सख्खी आईच तिच्या प्रियकराला धाकट्या मुलीकडे वळू देते. नीताला क्षय होतो. अखेरीस शिलाँगच्या डोंगरांत ती भावाला बिलगून आक्रोश करते की, दादा, मला जगायचे होते. जी बाई शेवटी हे ओरडून सांगते, तिच्यावर त्यागाची शाल पांघरणे म्हणजे तिचे तोंड दाबणेच आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच नीताच्या चपलेचा पट्टा तुटतो. ती क्षणभर थांबते, खाली पाहते आणि तशीच चालू लागते. मला मात्र तिथे माझी आत्या दिसते. १९८२ च्या गिरणी संपात बाबा घरी बसले, तेव्हा लालबागच्या आमच्या दोन खोल्या आत्याच्या कारकुनीच्या पगारावर चालल्या. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिथे तिने सेफ्टी पिन लावली होती. पिनेचे टोक बोटाला टोचे, म्हणून ती त्यावर जुन्या पातळाची चिंधी गुंडाळून ऑफिसला जाई. त्याच महिन्यात तिने मला शाळेच्या कवायतीसाठी कॅनव्हासचे पांढरे बूट आणले. नीताचा धाकटा भाऊही तिच्याकडे बुटांसाठीच हट्ट धरतो.

पार्श्वसंगीतातला चाबकाचा आवाज फार भडक आहे, असेही आज कोणी तरी म्हणाले. तो अंगावर येतो, हे मान्य. पण प्रियकराच्या खोलीत दुसरे कोणी आहे हे कळल्यावर जिना उतरणाऱ्या मुलीच्या वेदनेला घटकांनी आवाज दिला, तर तो सौम्य का असावा? याच चित्रपटात नीताचा गायक भाऊ शंकर याच्या गळ्यातला हंसध्वनी रागही आहे, आणि ज्या दिग्दर्शकाने त्या गळ्यावर इतके प्रेम केले, त्याला चाबूक कुठे ओढायचा हे नक्की ठाऊक होते. हाच माणूस पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होता, म्हणजे तो आपल्याला परका नाही. नीताच्या आजाराचे कळल्यावर तिचे वडील बोट रोखून म्हणतात, मी आरोप करतो. कोणावर, असे विचारताच त्यांचे बोट खाली येते. कोणावरच नाही. घरातल्या सर्वांनीच जिच्या ताटातले खाल्ले, तिथे बोट दाखवायचे तरी कोणाकडे?

हे लिहिता लिहिता त्या गृहस्थांवरचा राग ओसरत चालला आहे, कारण दोन वर्षांपूर्वी आत्याच्या पंचाहत्तरीला आम्ही सर्वांनी तिला शाल-श्रीफळ दिले, तेव्हा भाषण मी केले होते. बुटांची आणि सेफ्टी पिनेची गोष्ट मीच सांगितली होती. त्यागमूर्ती हा शब्दही माझाच होता, आणि त्यावरही अशाच टाळ्या पडल्या होत्या. आत्या मान खाली घालून बसली होती. सगळे जेवायला उठल्यावर ती हळूच म्हणाली, “मला त्या वर्षी बी.एड. करायचे होते रे. फॉर्म भरून ठेवला होता.”

मी तिला म्हणालो, “आत्या, चल, पंगत वाढली आहे.”

फॉर्मचे पुढे काय झाले, हे मी तिला आजवर विचारलेले नाही. उद्या सकाळी तिच्याकडे जाणार आहे.